ती काय म्हणत होती?

सुभद्रे, गणपतराव आजही येऊन बसले. शाळा सुटून मी घरी पोचले, तर ते ओट्यावर आधीच हजर. पाणी दिलं ते घेतलं, चहाला नको म्हणाले. मग टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तोच प्रश्न विचारला. "बाई, थे काय म्हणत होती? तुमाले काही उमगलं का?" तू गेलीस तेव्हापासून तुझा नवरा मला एवढं एकच विचारतो. परवापर्यंत मला उत्तर ठाऊक नव्हतं. "नाही हो," म्हणताना जीव तुटायचा, पण ते सोपं होतं. आता ठाऊक आहे, आणि म्हणून तुझ्याशी बोलायला बसले आहे. आधी सगळं ऐकून घे. तुला मधे तोंड घालायची सवय होती, पण आता ते भय राहिलेलं नाही.

महिला मंडळानं तुझी शोकसभा घेतली. तुला हसतमुख म्हणाले, सेवाभावी म्हणाले, गोड स्वभावाची म्हणाले. मी खाली मान घालून सतरंजीचे धागे ओढत बसले होते. गोड कसली? माझ्याशी तू वर्षानुवर्षं भांडलीस. समाजमंदिराच्या पायरीवर भांडलीस, दवाखान्याच्या आवारात भांडलीस, भर बाजारात मेथीची जुडी हातात धरून भांडलीस. मला कुणी बोलायला उभं केलं असतं तर मी हेच सांगितलं असतं. पण मला कुणी उभं केलं नाही, आणि केलं असतं तरी त्या दिवशी मला बोलता आलं नसतं.

तुला आठवतं का, आपली पहिली गाठ? राज्यांच्या सीमा नव्यानं आखल्या गेल्या त्या सुमाराची गोष्ट. पैनगंगेपलीकडचा तेलुगू मुलूख एका राज्यात गेला, आपण दुसऱ्या राज्यात आलो. कागदावर रेषा सरकल्या, पण माणसं पोटामागं निघायची ती निघालीच. दारव्ह्याच्या जिनात कापसाची सरकी काढायला, गठाणी बांधायला तिकडची कुटुंबं आली आणि जिनामागच्या मोकळ्या जागेत झोपड्या घालून राहिली. बाजारात ती माणसं बोटानं दाखवून भाजी घ्यायची. दवाखान्यात पोट धरून नुसती उभी राहायची. मला ते पाहवेना. विकास गटानं नुकतंच समाजमंदिर बांधलं होतं, टिनाचं छप्पर, एक रेडिओ, मंडळाचं एक शिवणयंत्र. मी तिथं दुपारचा मराठीचा वर्ग काढला. मास्तरीण दुसरं काय काढणार?

पहिल्या दिवशी बाया आल्या, ओळीनं बसल्या आणि एकही बोलेना. मी पहिलीच्या पुस्तकातलं 'हे घर आहे' शिकवत होते. बिचाऱ्या माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. तू कोपऱ्यात शिवणयंत्रावर बसली होतीस, शिवण शिकायला आलेली. तिथूनच तू तेलुगूत काहीतरी म्हणालीस आणि अख्खी ओळ खो खो हसली. मी वळून पाहिलं, तर तू चाकावर हात ठेवून साळसूद. वर्ग सुटल्यावर मी दरडावून विचारलं, काय सांगितलंस त्यांना? तू म्हणालीस, "काई नाई. म्हटलं, बाई डोये वटारते, पण चावत नाई."

तेव्हा मला कळलं की तू किनवटकडची. तुझे वडील जंगलाच्या डेपोवर चौकीदार, आई तुझ्या लहानपणीच गेलेली, आणि शेजारच्या तेलुगू बाईनं तुला तिच्या पोरींबरोबर वाढवलं. तिला तू अम्मा म्हणायचीस. मराठी तू वडिलांशी बोलायचीस, तेही संध्याकाळी ते घरी आले की. लग्न होऊन दारव्ह्याला आलीस तेव्हा इथली वऱ्हाडी पट्कन उचललीस, पण नवऱ्याशी भांडण मात्र तेलुगूत करायचीस. मी विचारलं, असं का गं? तर म्हणे, "त्याले समजलं तर भांडण वाढन. असं बोललं की माह्यं मन मोकळं होते, अन् त्याचं डोकं शांत राह्यते." गणपतराव शेजारी बसून सुपारी कातरत हसायचे. जिनात फिटर असलेला तो माणूस, यंत्राचा एवढासा आवाज बदलला तर ओळखणारा, पण बायको आपल्याला काय काय बोलते ते त्यानं कधी विचारलं नाही. आता विचारतो.

तू आलीस आणि वर्गाला तोंड फुटलं. मग आपण सोबतीची पद्धत काढली. वस्तीतलं कुणी दवाखान्यात जाणार असेल, कचेरीत जाणार असेल, पोराला शाळेत घालणार असेल, तर मंडळातली एक बाई सोबत जाईल. नियम माझे होते. सोबतीणीनं मागे उभं राहायचं. ज्याचं काम त्याला आधी बोलू द्यायचं. अडलं तरच बोलायचं, आणि बोलायचं ते जसंच्या तसं. पदरचं काही घालायचं नाही. येत नसेल तर सरळ 'येत नाही' म्हणायचं. हे 'येत नाही' मी बायांकडून इतक्या वेळा म्हणवून घेतलं की वस्तीतली लहान पोरंसुद्धा खेळताना ते म्हणायची.

मंडळाच्या बाया उत्साहानं आल्या आणि उत्साहानंच गळल्या. कुणाच्या सासूला चाललं नाही, कुणाला झोपड्यांतला वास सोसवला नाही. उरलो आपण दोघी. मी शिकवायची आणि तू सोबत जायचीस. शिकवणं तसं ओट्यावर बसून होतं. पाय झिजले ते तुझे.

आणि तो नवऱ्याच्या नावाचा धडा. मी फळ्यावर लिहिलं, 'माझे नाव अमुक. माझ्या नवऱ्याचे नाव अमुक.' दवाखान्यात, कचेरीत पहिल्यांदा हेच विचारतात, म्हणून हा धडा आधी घेतला. पहिलं वाक्य सगळ्यांनी धडाधड म्हटलं. दुसऱ्याला सगळ्या मुक्या. नरसम्मा म्हणजे वर्गातली सगळ्यात हुशार, तीही पदर दातात धरून जमिनीकडे बघत बसली. मी पुन्हा शिकवलं, पुन्हा शिकवलं, आवाज चढवला. तेव्हा तू यंत्र थांबवून म्हणालीस, "बाई, पह्यले तुमी तुमच्या मालकाचं नाव घ्या बरं." मी खडू हातात घेऊन उभी राहिले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण उखाण्याशिवाय ते नाव माझ्या जिभेवर कधी आलेलं नव्हतं. माझा चेहरा पाहून तू आधी हसलीस, मग बाया हसल्या, शेवटी मलाच हसू फुटलं. पैनगंगेच्या अलीकडे काय नि पलीकडे काय, नवऱ्याचं नाव कुणीच घेत नाही. फळ्यावरचं ते वाक्य मी पुसून टाकलं.

त्या दिवशी नवा नियम झाला, आणि तो तुझा होता. नवऱ्याचं नाव सोबतीणीनं घ्यायचं. मग तू दवाखान्याच्या, कचेरीच्या खिडकीशी उभी राहून ठणकावून सांगायचीस, हिच्या मालकाचं नाव पोचय्या, हिच्या मालकाचं राजय्या. मी चिडवायची की अख्ख्या वस्तीचे नवरे तुझ्या तोंडात बसलेत. तू म्हणायचीस, "अन् माह्या मालकाचं नाव मी आजारी पडली तर तुमी घेजा." हे आपण हसत बोलायचो. पुढं काय वाढून ठेवलंय याची काय कल्पना?

आता ते भांडण. ते आपलं कधी मिटलंच नाही. नरसम्माची सासू आजारी होती. तू तिला दवाखान्यात नेलंस, मीही आले होते. डॉक्टरांनी म्हातारीला तपासलं आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले, आणायला फार उशीर केला, आता काही होणं नाही, उगाच इथं ठेवू नका. तू नरसम्माकडे वळून बोलायला लागलीस. डॉक्टर दोन वाक्यं बोलले होते आणि तू बोलतच होतीस, बोलतच होतीस. ऐकता ऐकता नरसम्मा हसली. सासूच्या पाठीवरून हात फिरवून तिला उठवून उभं केलं आणि दोघी निघाल्या. मला तेलुगू कळत नव्हतं, पण डॉक्टरांच्या त्या दोन वाक्यांत हसण्यासारखं काही नव्हतं, एवढं कळत होतं.

मी आवारातच तुला धरलं. काय सांगितलंस? तू म्हणालीस, डॉक्टर म्हणतात म्हातारी धीराची आहे, घरी न्या, तिला आवडेल ते खाऊ घाला, लेकरं जवळ राहू द्या. मी म्हटलं, हे डॉक्टर कुठं म्हणाले? तू पदरचं घातलंस. खरं काय ते कळण्याचा तिचा हक्क आहे, तो तू कोण हिरावून घेणार? तू माझ्यावर उसळलीस. "खरं मराठीत होतं, बाई. डॉक्टर बोलले, मोकये झाले, हात धुवायले गेले. तेलुगूत थे मलेच म्हणा लागलं असतं. माह्या तोंडानं." मी म्हटलं, मग सोबतीण कशाला झालीस? तू म्हणालीस, "तुमी एकदा माह्या जागी उभ्या राहून पाहा, मंग सांगजा मले."

म्हातारी गेली तेव्हा नरसम्मा तुझ्या गळ्यात पडून रडली. मी तुला नजरेनं विचारलं, बघ, आता तरी पटलं? तू मान फिरवलीस. पुढं कितीतरी दिवस आपण कामापुरतं बोलायचो. नंतर सुरळीत झालं, पण विषय तसाच राहिला. कधी डाळ निवडताना, कधी मंडळाची सतरंजी झटकताना तो पुन्हा निघायचा. मला वाटायचं, एक दिवस तुला माझं म्हणणं पटवून देईनच. घाई काय, सगळं आयुष्य पडलंय, असं मी धरून चालले होते.

चांगले दिवस नव्हते असं नाही गं. एकदा रेशनच्या दुकानात नरसम्माला रांगेतून मागं ढकललं, तर ती दुकानदाराच्या तोंडावर म्हणाली, "मी आधी आले. माझा नंबर आहे. मी मागे जाणार नाही." स्वच्छ, वर्गातल्यासारखं बोलली. तू दारात उभी होतीस, मी तुझ्या मागे. तू मागं वळून मला चिमटा काढलास. घरी येताना म्हणालीस, "झालं बाई, आता माह्यं काम सरलं. आता मी निवांत पापड लाटत बसन." मी त्या दिवशी रस्त्यानं चालत नव्हते, तरंगत होते. मला वाटलं होतं, वर्ग मोठा होईल, नरसम्मा दुसऱ्यांना शिकवेल, मग तिच्या पोरी शिकवतील. आपण काय काय ठरवलं होतं. आता ते आठवायलाही नको वाटतं.

तुझा ताप कापसाच्या ऐन हंगामात आला. तू आधी अंगावर काढलास. वस्तीत कुणाचं तरी बाळंतपण होतं, तिथं जाऊन बसलीस. मग पडलीस ती उठलीच नाहीस. दवाखान्यात आणलं तेव्हा तू वऱ्हाडीत माझ्याशी बोललीस, खिडकी लावा म्हणालीस, थंडी वाजते म्हणालीस. दुसऱ्या दिवशी अर्धं मराठी, अर्धं तेलुगू. ताप डोक्यात चढला, डॉक्टर म्हणाले, हलवू नका. आणि मग मराठी तुला सोडूनच गेली. तू माझ्याकडे बघून बोलत होतीस, मी अगदी समोर बसलेली, आणि तुझा एक शब्द मला कळत नव्हता. 'नीळ्ळू' म्हणालीस तेव्हा मी पाणी पाजलं. वस्तीत फिरताना कानावर पडून पडून तेवढा एकच शब्द मला येत होता. पाणी पिऊन तू पुन्हा बोलायला लागलीस.

बायांच्या खोलीत पुरुषांना बसू देत नाहीत, म्हणून गणपतराव बाहेर वऱ्हांड्यात, तुझ्या खिडकीशी. घोंगडी अंगाभोवती घेऊन दिवसभर तिथंच. दुपारी तू मान वळवलीस, खिडकीकडे पाहिलंस आणि त्यांचं नाव घेतलंस. "गणपत." मोठ्यानं, सगळ्यांच्या देखत. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं तोंडाला पदर लावला. गणपतराव ताडकन उठून गजाला धरून उभे राहिले. नाव घेऊन तू पुढं काहीतरी म्हणालीस. मग पुन्हा नाव, पुन्हा तेच बोलणं. तेच असावं, सूर तोच होता. त्यातलं 'गणपत' तेवढं आम्हांला कळत होतं. माणसाचं नाव घेऊन बायको काहीतरी मागते आहे, आणि तो माणूस गजापलीकडून माझ्याकडे बघतोय. "बाई, काय म्हणून राह्यली थे? बाई, सांगा ना."

मी जिनात धावले. नरसम्मा केसांत कापसाचे तंतू घेऊन तशीच आली. ती खाटेच्या मागे उभी राहिली, वर्गात शिकवलं होतं तशी. मी तिला ओढून पुढं बसवलं. तू तिचा हात धरलास आणि तेच पुन्हा म्हणालीस. नरसम्मानं ऐकून घेतलं. तिनं तुझ्या कपाळावरून हात फिरवला, हळू आवाजात काहीतरी बोलली. मी विचारलं, काय म्हणते? तिनं खिडकीकडे पाहिलं, गणपतरावांकडे पाहिलं, आणि पदर डोक्यावरून पुढं ओढून घेतला. "येत नाही, बाई."

मी म्हटलं, जेवढं येतं तेवढं सांग. "येत नाही." मी रागावले, हात जोडले. तिचं आपलं एकच. मला वाटलं, खरंच येत नसेल. आम्ही तिला शिकवलं काय होतं? पोटात दुखतं. दोन दिवस ताप आहे. माझा नंबर आहे. मुलीला शाळेत घालायचं आहे. मरताना माणूस काय बोलतं त्याचा धडा आमच्या वर्गात कुठं होता? मी फळ्यावर खिडक्यांपुरती मराठी लिहिली होती, दवाखान्याच्या, रेशनच्या, कचेरीच्या. असा विचार करत मी तुझे पाय चोळत बसले, आणि तू बोलायची थांबलीस.

तुझं सगळं आटोपल्यावर मी वर्ग पुन्हा उघडला. म्हटलं, सुभद्रेचं काम बंद पडू द्यायचं नाही. बाया आल्या, ओळीनं बसल्या आणि कुणी बोलेना. पहिल्या दिवशी बसल्या होत्या तशाच. तुझं शिवणयंत्र कोपऱ्यात झाकलेलं होतं. सगळ्याजणी तिकडेच बघत होत्या, मीही फळ्याऐवजी तिकडेच बघत होते. वस्तीतला एक म्हातारा खोकून खोकून आडवा झाला, म्हणून मी त्याची सोबत म्हणून दवाखान्यात गेले. नियमाप्रमाणे मागे उभी राहिले. पण पुढं बोलणारं कुणी नव्हतं. तो माझ्याकडे वळून कळवळून काही सांगायला लागला. डॉक्टरांनी विचारलं, काय म्हणतो हा? सुभद्रे, मी काय उत्तर दिलं असेल? "येत नाही," म्हणाले. मीच वर्षानुवर्षं घोकून घेतलेलं वाक्य. नरसम्मा कामावर होती, आणि ती तरी कुठं कुठं पुरणार? औषध काहीतरी मिळालं. म्हातारा काही उठला नाही.

मग वस्तीनंच ठरवून टाकलं. दर वर्षी हंगाम सरला की थोडी कुटुंबं जायची, थोडी राहायची. यंदा सगळीच निघाली, पार पलीकडे, त्यांच्या मुलखात. तिथं काम आहे का, विचारलं, तर माहीत नाही म्हणाले. नरसम्मा म्हणाली, "तिथं बोलता येतं, बाई." तिची मोठी पोर आमच्या शाळेत दुसरीत होती. पाटी परत द्यायला आली होती. मी म्हटलं, ठेव तुझ्यापाशी.

निघायच्या आदल्या दिवशी नरसम्मा एकटीच माझ्याकडे आली. आत ये म्हटलं तर आली, पण माझ्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड केलं. आणि तशीच, भिंतीला सांगावं तसं, म्हणाली, "सुभद्राक्का म्हणाली, गणपत, इथं माझं बोलणं कोणाला कळत नाही. मला घरी ने."

एवढंच. एकही शब्द अडखळला नाही. त्या दिवशी का सांगितलं नाहीस, विचारलं. ती म्हणाली, "नवऱ्याचं नाव घेतलं. ते नवराबायकोचं बोलणं. मी भाऊंना 'तू' कसं म्हणू?" मग म्हणाली, "आणि डॉक्टर म्हणाले, हलवू नका. भाऊंनी ऐकलं असतं तर नेलं असतं. नाही तर रडले असते. मी काय करू?" तिचं काय चुकलं सांग. तिनं माझा नियम पाळला, पदरचं घातलं नाही. पण तुझ्यासारखं गोड करून सांगणंही तिला जमलं नाही. दोघींच्या मधे सापडून बिचारी गप्प बसली, आणि ते ओझं एकटी वाहत होती. जाताना माझ्याकडे टाकून गेली. आपल्या सगळ्या वर्गात इतकं चोख मराठी वाक्य कुणी कधी बोललं नव्हतं.

घरी म्हणजे कुठं गं? दारव्ह्यातल्या घरी की किनवटला, अम्माकडे? मला माहीत नाही. आणि कुणाला तुझं बोलणं कळत नव्हतं? मी तुझ्या उशाशी बसले होते. मी इतकी वर्षं नदीपलीकडच्या माणसांना माझी भाषा शिकवली, आणि तू गावात राहून, हसून खेळून, माझ्याशी भांडून, शेवटी परक्या मुलखात मेलीस. त्या जिनामागच्या माणसांसारखीच. हे सांगताना मला फार राग येतोय, आणि तो कुणावर काढायचा ते समजत नाही.

समाजमंदिराची किल्ली मी परत केली. विकास गटाची बियाण्याची पोती तिथं ठेवली आहेत. जिनामागं झोपड्यांच्या चुली तेवढ्या राहिल्यात. पुढच्या हंगामात दुसरी माणसं येतील, त्यांची भाषा कुठली असेल कुणास ठाऊक. मी आता वर्ग काढणार नाही.

आणि आज गणपतराव आले. टोपी काढून मांडीवर ठेवली. "बाई, थे काय म्हणत होती? तुमाले काही उमगलं का?" मी दारात उभी होते. त्यांच्यासमोर येऊन बसले. मागं उभं राहायला आता पुढं बोलणारं कुणी उरलंच नव्हतं. नरसम्माचं वाक्य जसंच्या तसं माझ्या ओठांवर आलं. त्यांचा प्रश्न खरा आहे, खरं कळण्याचा त्यांचा हक्क आहे, हे मीच बोलले होते ना दवाखान्याच्या आवारात? पण ते वाक्य आता मला म्हणायचं होतं. माझ्या तोंडानं. त्यांचे डोळे माझ्या चेहऱ्यावर खिळलेले. तुझं वाक्य त्यांच्या कानांत घातलं असतं तर तो माणूस उरलेलं आयुष्य त्या गजाला धरून उभा राहिला असता.

मी म्हटलं, "नरसम्मानं जाताना सांगितलं. ती म्हणत होती, गणपत, बाहेर गार आहे. घोंगडी नीट पांघरून बस."

गणपतरावांनी मांडीवरची टोपी उचलून हातात घेतली. मग म्हणाले, "मले म्हणे?" मी हो म्हटलं. "नाव घेऊन?" मी पुन्हा हो म्हटलं. त्यांनी टोपीत तोंड खुपसलं आणि पोटभर रडले. तू गेल्यापासून मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं. मग उठले, चहा मागून घेतला, आणि जाताना म्हणाले, "असंच करे थे. सोताचं सोडून माहीच काळजी."

सुभद्रे, मी पदरचं घातलं. तू म्हणायचीस ना, माझ्या जागी उभ्या राहून पाहा, मग सांगा. राहिले उभी. सांगायला कुठं येऊ? आता या गावात तुझी ती भाषा कळणारं कुणी नाही. माझं खोटं धरायला तरी तू हवी होतीस.